बारदान वजा

आमच्या मापाडीमामांना कोणताही आकडा सांगा, ते आधी त्यातून बारदान वजा करायचे. हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, चौतीस वर्षं हळदीचं माप केलेला माणूस. भरलेलं पोतं काट्यावर चढलं की रिकाम्या पोत्याचं वजन, म्हणजे बारदान, मनातल्या मनात काढून निव्वळ आकडा बोलायची जिभेला सवय लागलेली. ही सवय मोंढ्यातच राहिली असती तर माझी काही तक्रार नव्हती. पण मला बी.एड.ला ब्याऐंशी टक्के मिळाले तेव्हा पेढा तोंडात टाकून मामा म्हणाले, "त्यातले प्रॅक्टिकलचे काढ. निव्वळ किती?" माझ्या लग्नात पाचशे माणूस जेवून गेलं असं कुणी सांगितलं, तर हे म्हणाले, "वाढपे धरून सांगून राहिला तू. साडेचारशे म्हण."

मोंढ्यात इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हा सगळे कौतुकाने त्याचे लाल आकडे बघत उभे राहिले. मामांनी मात्र आठ दिवस जुन्या लोखंडी वजनांनी त्याची उलटतपासणी घेतली. "नवा काटा पैल्या हप्त्यात गोड बोलतो," असं त्यांचं म्हणणं. नवी सून, नवा हेडमास्तर आणि नवी चप्पल यांच्याबद्दलही त्यांचं हेच मत होतं.

आणि एकदा लिहिलेलं वजन ते खोडत नसत. एका वर्षी माझ्या बाबांच्या हळदीचं एक पोतं त्यांच्या हातून पंधरा किलोंनी कमी लिहिलं गेलं. बाबांनी चूक दाखवली, हमालांनी दाखवली, मामांना स्वतःलाही ती दिसली. पेन काही उचललं नाही. "सख्ख्या मेहुण्याचं वजन मी खोडलं, तर उद्या माझ्या चिठ्ठीवर कोण भरोसा ठेवीन?" बाबा महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. आईने मात्र भावाचीच बाजू घेतली. त्या दोघा भावंडांचं तसंच होतं. नुकसान आपलं असलं की दोघांनाही ते बरोबर वाटायचं.

तरुणपणी मामांनी मापाबरोबर पोतीही उचलली होती. त्याचं पुढे जे व्हायचं ते झालं. मणक्याची गादी सरकली, नांदेडला ऑपरेशन झालं, आणि जखम भरली तरी दुखणं गेलं नाही. कमरेपासून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत निखारा ओढल्यासारखी आग व्हायची. खुर्चीवर पाच मिनिटं बसवत नसे. लग्नकार्यात मामा खांबाला टेकून उभ्याने जेवायचे. उताणं झोपणं तर सुटलंच होतं. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, तेही तासा-दीड तासापुरतं.

उपाय काय कमी केले? साखरा गावच्या एका माणसाने पाठीला बिब्ब्याचे चटके दिले, ते डाग शेवटपर्यंत राहिले. नसांच्या गोळ्यांनी चक्कर यायची. पट्टा झाला, व्यायाम झाला, मणक्यात इंजेक्शन झालं. त्या इंजेक्शनने दोन महिने बरे गेले आणि मग पहिल्यापेक्षा वाईट. दुसऱ्या ऑपरेशनला नांदेडच्या डॉक्टरांनीच नको म्हटलं. आणि कुणीही विचारलं, "मामा, कसं काय?" तर उत्तर ठरलेलं: "हाय जरासं." या 'जरासं'ची मला चीड यायची. मी पुसेगावच्या शाळेत शिकवते. पोरं खरं बोलत नाहीत तेव्हा मला कळतं, पण त्यांना निदान कान धरून उभं करता येतं.

शेवटी मी आणि मामेभावाने पैशांची सोय केली आणि मी त्यांना हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे सगळं समजावलं. कण्याजवळ दोन बारीक तारा बसवायच्या, कमरेपाशी कातडीखाली काडेपेटीएवढं यंत्र ठेवायचं. ते नसांना सौम्य वीज देत राहतं आणि दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना मंदावतो. आजार बरा होत नाही, सुसह्य होतो. पण आधी आठवडाभर चाचणी. तारा आत, यंत्र बाहेर पट्ट्याला. दुखणं निदान निम्म्याने कमी झालं तरच कायमचं बसवायचं, नाहीतर उगाच पाठ उघडण्यात अर्थ नाही.

मामांनी दोनच प्रश्न विचारले. "साब, लाईट गयी तो? हमारे उधर जाती." डॉक्टर म्हणाले, एकदा चार्ज केलं की काही दिवस चालतं. "और नको वाटा तो?" काढता येतं, डॉक्टर म्हणाले. त्यावर मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "जे काढता येतंय ते घालायला हरकत न्हाई."

मग डॉक्टरांनी विचारलं, "शून्य से दस में, दर्द कितना?" मामांनी क्षणभर डोळे मिटले. "पाँच." येताना सगळी रात्र ट्रॅव्हल्समध्ये दांडी धरून उभा राहिलेला माणूस पाच म्हणत होता. परक्यापुढे संकोचले असतील असं मला वाटलं. डॉक्टरही जरा थबकले, पण जुने रिपोर्ट आणि पायाची तपासणी बघून त्यांनी चाचणी ठरवली. मी गप्प बसले. ते गप्प बसणं मला अजून टोचतं.

तो आठवडा आम्ही दवाखान्याजवळच्या खोलीत काढला. तिसऱ्या दिवशी मामा मांडी घालून जेवले. चौथ्या दिवशी स्वतः वाकून मोजे चढवले आणि माझ्याआधी जिना उतरले. रोज सकाळ-संध्याकाळ दुखण्याचा आकडा एका कागदावर लिहायचा होता. तो कागद त्यांनी मला हातही लावू दिला नाही. माप लिहिणाऱ्याच्या खांद्यावरून कुणी बघायचं नसतं, म्हणाले. मी मनातल्या मनात यंत्र कायमचं बसवायची तारीख ठरवूनही टाकली होती.

शेवटच्या दिवशी मी औषधांच्या खिडकीवरून परत आले तोवर निकाल लागला होता. कागदावर सगळे तीन. पाचाचे तीन, म्हणजे निम्म्याहून कमी आराम. तारा काढायच्या. मी डॉक्टरांना म्हटलं, "सर, ये रात को सो रहे थे, जिना उतर रहे थे." डॉक्टरांनी मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "थोडा आराम था, साब. जो लिखा वो बराबर है." रुग्णच असं म्हणतो म्हटल्यावर डॉक्टर तरी काय करणार?

परतीला सकाळी वारंगा फाट्याला उतरलो. निखारा पुन्हा पायात आला होता हे त्यांच्या चालण्यावरून दिसत होतं. खिचडीच्या गाड्यापाशी मामा उभे राहून खात होते. मी विचारलं, "मामा, खरं सांगा. जायच्या आधी किती दुखत होतं?"

"नऊ."

"मग पाच काहून सांगितलं?"

"नऊ ढोबळ होतं, बाई. त्यातले दोन म्हातारपणाचे, ते समद्यायलाच असतेत. दोन पोती उचलल्याचे. ती मी माझ्या मस्तीनं उचलली, त्यात आजाराचा काय दोष? निव्वळ पाच."

"आणि मशीन होतं तेव्हा?"

"एक. कवा कवा तेबी न्हाई."

"आणि लिहिले तीन?"

"नवा काटा हाय. पैला हप्ता गोडच बोलणार. म्हणून दोन चढवले."

नवाचं एक झालं होतं, आणि या माणसाने अगदी प्रामाणिकपणे ते पाचाचं तीन करून ठेवलं होतं. मी प्लेट खाली ठेवली. मला रडू येत होतं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं. मी डॉक्टरांना लावायला फोन काढला, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "राहू दे. लिवलेलं खोडायचं न्हाई."

मी नंतर गुपचूप फोन केलाच. दवाखान्यातून निरोप आला, परत आणा, पुन्हा चाचणी करू. इतकं सोपं होतं ते. पण मामा हलायला तयार नव्हते. मी भांडले, मामेभाऊ पुण्याहून येऊन भांडला, आईला मध्ये घातलं तर ती म्हणाली, "त्याला नको म्हणतोय तर कशाला तकलीफ देता?" वर्षभराने एकदा मी फार चिडले तेव्हा मामा हळूच बोलून गेले, "त्या हप्त्यात उताणा झोपलो बाई. डोळे उघडले की वर पंखा दिसायचा. कित्येक वर्षांत पंखा बघितला नव्हता." मग चला ना, मी म्हटलं. "हळदीचा हंगाम होऊ दे," म्हणाले. मोंढा सोडून त्यांना चार वर्षं झाली होती.

त्या हंगामातच ते गेले. हृदय बंद पडलं, पाठीचा त्याच्याशी संबंध नव्हता. शेवटचे चौदा महिने त्यांनी कुशीवर काढले, जे काढायची गरज नव्हती. माणूस गेला की राग विरतो म्हणतात. माझा विरलेला नाही. शेवटी त्यांना उताणं निजवलं तेव्हा मी घरात उभीच राहू शकले नाही.

परवा आईला गुडघ्यांसाठी हिंगोलीत डॉक्टरांकडे नेलं. तरुण डॉक्टर होती. तिने तोच प्रश्न विचारला, "आजी, दहापैकी किती दुखतं?" आईने भावासारखेच क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "असंल चार."

मी तिचा हात धरला. "आई, बारदानासकट सांग."

आई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"नऊ," ती म्हणाली. "लई वर्षं झाली, नऊच हाय."