नुसता मजकूर

आवरण म्हणून जे काही असेल त्याचा माझ्या मावसभावाइतका दुस्वास अख्ख्या मालवण तालुक्यात कोणी केला नसेल. लग्नपत्रिका आली की गणपती, कुलदेवता, नवरा-नवरी सगळ्यांवर कात्री चालवून तो फक्त तारीख आणि ठिकाण खिशात ठेवी. एकदा असाच पोटभर जेवून, हात धुताधुता यजमानांनाच विचारता झाला, "लगीन कोणाचा?" असल्या माणसाला बाजारात सायबर कॅफे टाकून संगणकाची भाषा शिकायची बुद्धी झाली, म्हणजे बघा. एक्सएमएल नावाचा प्रकार भेटला तेव्हा तर त्याच्या अंगातच आलं. त्या फाइलीत प्रत्येक मजकुराभोवती कंसातल्या खुणांचं आवरण असतं. जावास्क्रिप्टची एक तयार लायब्ररी होती. तिला एक ओळ सांगितली की आवरणं गळून आतला मजकूर तेवढा हातात. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो हे करून दाखवी. "तिसऱ्यांचो शिंपलो कोण खाता रे?" असं वर विचारी.

त्याचा थोरला भाऊ मालवाहू जहाजावर होता. तो तिकडेच वारला. वहिनीपाशी राहिला तो त्याच्या मेसेजांनी भरलेला, मधूनच बंद पडणारा मोबाइल. "भावजी, ह्ये खंयतरी जपान ठेवा," म्हणून तिने तो ह्याच्या हाती दिला. ह्याने जीव ओतून काम केलं. मेसेज एक्सएमएलमध्ये उतरवले, मजकूर काढला, आणि सवयीप्रमाणे मूळ फाइल पुसून मोबाइलही कोरा केला. छापलेली पानं घेऊन ऐटीत वहिनीकडे गेला. मी बरोबर होतो.

जेवलंस काय, हंय थंडी आसा, छपराचा बघ. पानांवर सगळं एकाला एक चिकटलेलं. वहिनीने शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि विचारलं, "भावजी, ह्येतलो शेवटचो खंयचो?"

मेसेज फाइलीत उलटसुलट उतरले होते, आणि तारखा होत्या त्या गळून गेलेल्या खुणांमध्येच. तो पांढराफटक पडला. "माका ठावक नाय, वहिनी." मला त्याचा असा संताप आला होता, पण त्याचं तोंड बघून तो ओसरला. वहिनी रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढे एका चतुर्थीला आम्ही गेलो तेव्हा ती आपणहून म्हणाली, "रोज येक शेवटचो म्हणान वाचतंय मी. चलता." मग पानावर तूप वाढताना हळूच, "पण खरो तो माका व्हयो होतो, भावजी."

अजून त्याच्या कॅफेत गेलं की तो कोरा मोबाइल चार्जरला लावलेला दिसतो. कोणी पिन काढायला गेलं तर माझा भाऊ त्याचा हात धरतो.