कंबरेतला एक इंच

पुणे स्टेशनवर दिल्लीची गाडी लागली होती आणि आई माझी कंबर चाचपत होती. चारचौघांत, भर प्लॅटफॉर्मवर. मी तेवीस वर्षांचा, नव्या नोकरीचं पत्र बॅगेत, आणि ही शर्टाखाली हात घालून बघतेय की चोरखिसा जागेवर आहे की नाही. आदल्या दिवशी तिने माझ्या दोन्ही पँटींना आतून, उजव्या कंबरेवर, जुन्या परकराच्या कापडाचा खिसा शिवला होता. त्यात थोड्या नोटा आणि करोल बागेतल्या एका ओळखीच्यांचा पत्ता. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचे आणि फारसं बोलायचे नाहीत. ते एवढंच म्हणाले, "अंगावर कुणी आलंच तर सरळ बाजूला व्हायचं. त्यात काही कमीपणा नाही." मी वाकून दोघांच्या पायांना हात लावला. पाठीवरची सॅक घसरून डोक्यावर आदळली, आई हसली आणि हसता हसताच रडायला लागली. मग गाडी सुटली.

शाळेच्या ग्रुपवरच्या सगळ्यांसाठी हे लिहितोय, जे पुण्यातच राहिलात त्यांच्यासाठी आणि जे माझ्यासारखे निघून गेलात त्यांच्यासाठीही. तुम्हाला माझे नोएडातल्या ऑफिसचे फोटो माहीत आहेत, गाझियाबादच्या चौदाव्या मजल्यावरून दिसणारा धूर माहीत आहे, बायको मेधा आणि मुलगी ईरा माहीत आहेत. एक गोष्ट माहीत नाही. ज्या उजव्या कंबरेवर आईने चोरखिसा शिवला होता, त्याच जागी मी दोन वर्षं पिस्तूल लावून फिरलो. लायसन्सचं, रीतसर. हे वाक्य लिहितानासुद्धा मला स्वतःची किळस येते, पण लिहितो.

सुरुवात एका शर्टापासून झाली. ईराला क्लासहून आणत होतो. फ्लायओव्हरखाली एका गाडीला माझा आरसा घासला. चूक त्या गाडीवाल्याची होती. तो उतरला, माझ्या खिडकीशी आला, काहीही न बोलता त्याने शर्ट दोन बोटांनी वर केला आणि पोटावर खोचलेलं पिस्तूल दाखवलं. बस्स, एवढंच. मी हात जोडले आणि म्हणालो, "सॉरी भाईसाहब, गलती हो गई." अण्णांनी सांगितलं होतं तसाच बाजूला झालो. पण मागच्या सीटवर माझी तेरा वर्षांची मुलगी होती, आणि घरी पोहोचेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिने एक शब्द जरी काढला असता तर बरं झालं असतं.

आमच्या मजल्यावर त्यागीजी राहतात. मनाने चांगला माणूस, अडीअडचणीला धावून येणारा. त्यांना हकीकत सांगितली तर म्हणाले, "जोशीजी, आप भी ले लो यार. दिखाना ही तो है." मग अर्ज, पोलीस चौकशी, डॉक्टरचा दाखला, नेमबाजीचं प्रशिक्षण, साहेबांसमोर जिवाला धोका असल्याचं रडगाणं. वर्षभर चपला झिजवल्या. लायसन्स हातात पडलं त्या दिवशी त्यागीजींनी मजल्यावर लाडू वाटले. मेधाने तो लाडू खाल्ला नाही. "पिस्तूल कपाटात ठेवलंस," ती म्हणाली, "तर त्या कपाटातले कपडे मी अंगाला लावणार नाही." आणि खरंच, तिने तिच्या साड्या उचलून ईराच्या खोलीत नेल्या.

मी मिक्सर घेताना महिनाभर तुलना करणारा माणूस. तसाच इथेही एक्सेल शीट उघडून बसलो. लांबी, जाडी, वजन, गोळ्या किती. ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत कानात इयरफोन घालून व्हिडिओ बघायचो, त्यात कुणी परदेशी गृहस्थ रोज अंगावर लपवून वागवायला कुठलं बरं ते सांगायचा, आपल्याकडे भाजीवाली वांगी निवडून देते तितक्या प्रेमाने. आपल्याला लायसन्सवर मिळतं ते बत्तीस बोअरचं, म्हणजे त्या मापाच्या गोळीचं. शेवटी तीन उरली. एक अगदी छोटं, सहज लपणारं, पण मूठ इतकी आखूड की करंगळी हवेत राहते आणि बार काढला की हातातून उसळतं. दुसरं चपटं पण नळी लांब, बसलं की मांडीत टोचणारं. तिसरं हातात झकास बसणारं, पण जाडजूड, शर्टावर उठून दिसणारं. आणि माझ्या शीटमध्ये शेवटचा एक कॉलम होता, जो त्या परदेशी गृहस्थाच्या स्वप्नातही आला नसता: वाकून नमस्कार करता येतो का?

हसू नका. मला तो प्रश्न खरोखर पडला होता. घरी गणपती, सासूबाई येऊन-जाऊन, दिल्लीच्या मराठी मंडळातले म्हातारे लोक. कंबरेला लोखंड खोचून पायाशी वाकायचं कसं? म्हणून त्यागीजींबरोबर दुकानात गेल्यावर मी एकेक रिकामं पिस्तूल खोळीत घालून कंबरेला लावलं, बसून पाहिलं, उठून पाहिलं आणि मग वाकून पाहिलं. आईने शिकवल्यासारखा, पूर्ण, बोटं जमिनीपर्यंत. समोर दुकानदार गुप्ताजी उभे होते. माझी बोटं त्यांच्या मोजड्यांशी टेकली आणि त्यांनी सवयीने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जीते रहो." सगळं दुकान हसलं. त्यागीजी तर डोळे पुसत होते. मीही हसलो. पिस्तूल विकणाऱ्याच्या पायांशी वाकून मी आशीर्वाद घेतला आणि वर दात काढले, आता आठवलं की तोंड कडू होतं.

तर पूर्ण वाकल्यावर जाडं बरगडीत घुसत होतं आणि लांब नळीचं खोळीतून निसटत होतं. छोटं जेमतेम टिकत होतं, तेही अर्धंच वाकलं तर. त्यागीजी म्हणाले, "पूरा कौन झुकता है आजकल? घुटने छू लो, हो गया." इकडे तशीच पद्धत आहे, माणसं गुडघ्याला हात लावल्यासारखं करतात आणि पुढे जातात. गुप्ताजींनी आणखी एक सल्ला दिला, "पैंट की कमर एक इंच ढीली करवा लेना, नहीं तो छिल जाओगे." मी छोटं घेतलं. कंबर सैल करून घेतली नाही, कारण टेलरला काय सांगणार? त्यामुळे दोन वर्षं ते माझ्या कातडीवर घासत राहिलं.

आता त्या दोन वर्षांची मिजास ऐका. जूनच्या उकाड्यात, अंगातून पाणी गळत असताना, मी शर्टावर जाकीट घालून फिरायचो. लायसन्स उत्तर प्रदेशापुरतं. यमुना ओलांडून दिल्लीत शिरलो की तेच बाळगणं गुन्हा. ते घरी ठेवून निघवत नसे; मेट्रोत अंगझडती, म्हणून मेट्रो बंद. दिल्लीतलं मराठी नाटक बंद, मंडळाचा गणपती बंद. मेधा आणि ईरा मेट्रोने दोघीच जायच्या आणि त्यांचा रक्षणकर्ता गाझियाबादला सोफ्यावर बसून त्या पोहोचल्याचा मेसेज येण्याची वाट बघायचा. ऑफिसच्या गेटवरही ते चालत नाही, तेव्हा गाडीतल्या कप्प्यात कुलूप लावून ठेवायचं आणि दिवसभर मीटिंगमध्ये जीव त्या कप्प्यात. थोडक्यात, भाजी आणायला जाताना मी अत्यंत सुरक्षित होतो.

सगळ्यात ओंगळ म्हणजे ते क्लबहाऊस. सोसायटीत कुणाचाही वाढदिवस असला की जेवणानंतर पाच-सहा पुरुष कोपऱ्यात जमायचे. "आपका कौन सा है?" मग एकेकाचा शर्ट वर. सुटलेली पोटं, केसाळ कंबरा, घामाने भिजलेल्या बनियनी. एकदा कुणीतरी आपलं काढून पनीर टिक्क्याच्या प्लेटशेजारी ठेवलं आणि तेलकट बोटांनी एकमेकांच्या हातात दिलं, मग पेपर नॅपकिनने पुसलं. मी माझी प्लेट खाली ठेवली. पण "जोशीजी का तो बहुत छोटा है" म्हणून ते खिंकाळले, तेव्हा मीसुद्धा शर्ट वर केला. फ्लायओव्हरखालच्या त्या माणसाने केला होता तसाच, दोन बोटांनी.

त्याच सुमारास एकदा आईचा फोन ईराने घेतला. अण्णा गेल्यापासून आई पुण्याला माझ्या भावाकडे असते. ईराने मला हाक मारली, "बाबा, आजी विचारतेय, दिल्लीत अजून चोरखिसा लागतो का तुला. चोरखिसा मतलब?" मी समजावलं: पँटच्या आत, कंबरेपाशी, कुणाला दिसू नये असं काही ठेवायची जागा. ती म्हणाली, "अच्छा, कन्सील्ड कॅरी." ती टोमणा मारत नव्हती. घरी माझ्या फोनवर सतत चालणारे व्हिडिओ ऐकून पिस्तूल लपवून वागवण्याचा तो शब्द तिला आजीच्या शब्दापेक्षा जवळचा झाला होता. मी तिला रागावलो, उगाच.

मग गेल्या वर्षी आईचं सहस्रचंद्रदर्शन आलं. महाराष्ट्रात पिस्तूल नेता येत नाही, म्हणून ते गुप्ताजींकडे जमा करून पावती घेतली आणि आम्ही तिघं पुण्याला गेलो. आईचं औक्षण झालं, ऐंशी दिवे लावले, आणि मुलं, सुना, नातवंडं रांगेने पाया पडायला लागली. माझी पाळी आली. आता माझ्या कंबरेला काही नव्हतं, देवाशप्पथ काही नव्हतं. तरी माझा उजवा हात आपोआप शर्ट खाली ओढायला गेला, मी अर्धाच वाकलो आणि डाव्या हाताने आईच्या गुडघ्याला स्पर्श करून उभा राहिलो. आई माझ्याकडे बघतच राहिली. "गुडघ्याला काय हात लावतोस रे? कंबर धरली का?" मी म्हणालो, "हो, जरा धरलीय." मेधाने मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने तेल कोमट केलं. "पालथा पड." मी टाळायचा प्रयत्न केला, पण तिच्यापुढे कुणाचं चाललंय? तिचा हात फिरत फिरत उजव्या बाजूला आला आणि थांबला. तिथलं कातडं राठ झालं होतं, काळा चट्टा पडला होता. तिला नीट दिसत नाही, बोटांनीच तिने त्याची लांबीरुंदी घेतली.

"हे काय?"

"पट्टा काचतो."

"इथेच तुझा चोरखिसा असायचा," ती म्हणाली, आणि तिथे जरा जास्त तेल घेऊन हळूहळू चोळायला लागली. मी उशीत तोंड खुपसून पडून राहिलो. इतकी शिसारी मला त्या क्लबहाऊसमध्येही आली नव्हती. ऐंशी वर्षांची बाई त्या वस्तूचा वळ माझ्या अंगावरून घालवत होती, आणि मी तिला घालवू देत होतो.

संध्याकाळी मी भावाबरोबर बाहेर जाऊन आलो, तेवढ्यात आईने माझ्या बॅगेतल्या तिन्ही पँटी काढून उसवल्या होत्या. मागची शिवण मोकळी करून प्रत्येक कंबर एकेक इंच वाढवली. सुईत दोरा मेधाने ओवून दिला, शिवलं आईनेच. करड्या पँटला पांढरा दोरा, टाके वाकडेतिकडे. "आता नाही काचायचा," ती म्हणाली. निघताना मी पाया पडलो, या वेळी पूर्ण. तिने पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "बघ, तेलाने मोकळी झाली की नाही."

गाझियाबादला परतल्यावर शनिवारी गुप्ताजींच्या दुकानात गेलो. अंगात तीच करडी पँट होती. वेगळं काही ठरवून गेलो नव्हतो, हे कबूल करतो. पावती दिली, सामान घेतलं, सवयीने खोळ कंबरेला लावली. दोन वर्षांत पहिल्यांदा ते घासलं नाही, टोचलं नाही. गुप्ताजी काउंटरच्या बाहेर आले, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि खूश होऊन म्हणाले, "वाह! अब बैठा है बिल्कुल सही। पता ही नहीं चल रहा। किस टेलर से करवाया?"

माझा हात मागच्या त्या पांढऱ्या टाक्यांवर गेला. त्यांनी पुन्हा विचारलं. मी ते काढून काउंटरवर ठेवलं आणि म्हणालो, "बेच दीजिए." ते म्हणाले, पछताओगे. त्यागीजी अजून म्हणतात. कदाचित फ्लायओव्हरखाली पुन्हा कुणी शर्ट वर करेल आणि मी पुन्हा हात जोडेन. मुलगी बघत असली तरी जोडेन. लायसन्स परत करण्याचा अर्ज दिला आहे, त्यालाही चपला झिजवाव्या लागतायत. मेधाच्या साड्या मात्र कपाटात परत आल्या.

तुम्ही विचारता, घर कुठलं आता, तिकडचं की इकडचं? पुण्यातलं घर भावाचं आहे, मी तिथे पाहुणा. इथलं घर धुरात चौदाव्या मजल्यावर टांगलंय. या दोन्हींपेक्षा मला त्या पांढऱ्या टाक्यांची पँट घरासारखी वाटते. ती ढगळ होते, ऑफिसात चालता चालता वर ओढावी लागते, पोरं हसतात. टेलरकडे नेऊन आत घेतलेली नाही, घेणारही नाही.

परवा आईचा फोन आला. "काचत नाही ना रे आता?"

"नाही गं," मी म्हणालो. दोन-तीन वर्षांत त्या कंबरेबद्दल तिला सांगितलेलं हे पहिलं खरं.