मरगदम अक्कांची पेच्ची

आमच्या मरगदम अक्कांनी सत्तावीस वर्षांत चारेकशे जिने तपासले, सगळे अमेरिकेतले, आणि त्यातल्या एकावरही कधी पाय ठेवला नाही. त्रिचीत त्या नेमाने चढतात तो फक्त उच्ची पिळ्ळैयार गणपतीचा डोंगर, आणि तिथेही देवाच्या आधी पायऱ्या बघतात. "एक पायरी दुसरीसारखी नाही रे पळनी! माझ्या टेबलावर आलं असतं ना हे, लाल करून परत पाठवलं असतं."

आमचा धंदा असा, की तिकडचा इंजिनियर इमारत आखतो, आणि लोखंडाचा कुठला तुकडा किती लांब कापायचा, भोकं कुठे पाडायची, त्याची ड्रॉइंगं आम्ही करतो. ती बघून तिकडच्या कारखान्यात लोखंड कापतात. अक्का चेकर. बरोबर असेल त्यावर पिवळी पेन्सिल, चूक असेल तिथे लाल. सगळं ऑफिस पडद्यावर तपासायला लागलं, पण बाईंना कागदच लागतो. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. माझं पहिलं ड्रॉइंग त्यांनी इतकं लाल केलं की मी घरी जाऊन जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्यातला चिंचेचा भात माझ्यापुढे सरकवला. "खा. तू रुसलास म्हणून भोक जागेवर येणार नाही."

जिना आला की अक्का आधी त्यावर पेच्चीला चढवत. पेच्ची म्हणजे पेन्सिलीने काढलेली नखाएवढी बाई, डोक्यावर घमेलं, सगळं मापात. अक्कांची आई पेच्चियम्मा बांधकामावर मालाची घमेली वाहायची. एका जिन्यावर बीम खाली आलेला होता, तो घमेल्याला लागला आणि ती गडगडत खाली आली. कपाळावरचा वण मरेपर्यंत होता. "जिना काढणाऱ्याच्या डोक्यावर घमेलं नव्हतं ना," अक्का म्हणायच्या, "मग त्याला कसं दिसणार?" एकेक पायरी मोजत पेच्ची वर पोचली की अक्का तिला खोडत आणि जिना पिवळा करत.

दोन वर्षांपूर्वी एका शाळेचं काम आलं. तोवर मी मॅनेजर झालो होतो. त्या शाळेच्या जिन्यात मधल्या वळणावर पेच्ची अडली. तिकडे कोणीतरी बीम मागाहून बदलला होता आणि तो पायरीपासून जेमतेम सहा फुटांवर आला होता. तिकडे विचारायच्या प्रश्नांच्या यादीत अक्कांनी ते लिहिलं. आणि मी, अतिशहाणा, पेच्चीचं नाव बघितल्याबरोबर पुढे न वाचता तो प्रश्न उडवला! कारण तिकडच्या साहेबाने नुकतंच सुनावलं होतं, "तुम्ही ड्रॉइंगं करता की आमची परीक्षा घेता?" पुढचं हॉस्पिटलचं काम त्याच्याच हातात होतं.

पेच्ची वर पोचलीच नव्हती, म्हणून अक्कांनी तिला खोडलं नाही. तपासलेले कागद तसेच स्कॅन होऊन गेले, आणि साहेबाचं पत्र आलं: 'दोनशे चौदा नंबरच्या ड्रॉइंगवर ही बाई कोण? आमचं काम म्हणजे चित्रकलेची वही वाटली का? या चेकरला काढून टाका.'

आमचे मालक मुरुगप्पन सर अक्कांच्या टेबलापाशी उभे राहिले. "अक्का, दोन ओळींची माफी लिहून द्या. नाहीतर तुम्हाला घरी बसवावं लागेल, माझा नाइलाज आहे."

"लिहिते की."

अक्कांनी तमिळमध्ये लिहिलं, इंग्रजी मी करायचं होतं. 'हिचं नाव पेच्ची. ती तुमच्या बीमखाली अडली आहे. तुमच्याकडे घमेली कोणी वाहत नसेल, पण शाळा आहे. एखादा बाप पोराला खांद्यावर घेऊन येईलच. त्यांनी कुठून जायचं ते कळवावं. हिला खोडायची राहिली, त्याची माफी मागते. काढली, त्याची मागणार नाही.'

मी कागद खाली ठेवला. "अक्का, पंचवीस वर्षांची नोकरी आहे!"

"म्हणून तर. तू इंग्रजी नीट कर."

मी ते पत्र केलं, खाली अक्कांची प्रश्नांची मूळ यादी जोडली आणि लिहिलं की हा प्रश्न मी उडवला. धाडसबिडस काही नव्हतं हो, लाज वाटली.

चार दिवस तिकडून काही नाही. अक्का रोज वेळेवर यायच्या, दोन्ही पेन्सिलींना टोक करायच्या आणि बसून राहायच्या. सरांनी त्यांना काम द्यायचं बंद केलं होतं. मला त्यांच्याकडे बघवेना. पाचव्या दिवशी त्या कापडी पिशवी घेऊन आल्या. फूटपट्टी आत टाकली, कॉफीचा पेला टाकला.

तेवढ्यात दोनशे चौदा नंबर परत आला. पत्र नाही, नुसतं बदललेलं ड्रॉइंग. मी ते छापून पळतच नेलं. बीम पार मागे सरकवलेला, जिना मोकळा. आणि वरच्या पायरीवर कोणीतरी शाईने पेच्ची काढली होती, पाय काड्यांसारखे, घमेलं एका बाजूला कललेलं. तिच्या मागे वळणावर एक माणूस, खांद्यावर पोर.

"अक्का, जिंकलात!" मी ओरडलो.

"गप रे. माप बघू दे." पिशवीतून फूटपट्टी परत काढली. पोराच्या डोक्यावर किती जागा राहते ते दोनदा मोजलं. मग लाल पेन्सिल घेऊन घमेलं सरळ केलं. "असं धरलं तर माल सांडेल ना."

मग पिवळी घेतली. सगळ्या पायऱ्या केल्या, तो माणूस केला, पोर केलं. पेच्चीपाशी हात थांबला.

"पोचलीस गं आई," अक्का म्हणाल्या, आणि तिलाही पिवळं केलं.

खोडरबर समोरच होतं. त्याला त्यांनी हात लावला नाही.