वाऱ्याचा डोळा

कमठाण्यातलं आमचं माळवदाचं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं, तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती. स्वयंपाकघराला खिडकी. जुन्या घरात छताला साणं होतं, धूर जायला आणि उजेड यायला ठेवलेलं भोक. नव्यात ते नव्हतं. मोकळी भिंत एकच, गल्लीकडची. तिथं खिडकी ठेवली तर येणारे-जाणारे आत बघतील, असं अप्पांचं म्हणणं. अप्पा म्हणजे माझे सासरे. त्यांच्याशी मी दाराआडून बोलायची. मालकांना, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं तर ते हसले, "अप्पाला तूच सांग की."

म्हणून फोनवर मुलीला सांगितलं. ती नॉर्वेत नर्स आहे. भिंत कमरेला आली त्या दुपारी तिनं थेट अप्पांनाच फोन लावला. फोन स्पीकरवर होता, मला भाकरी थापता थापता सगळं ऐकू येत होतं.

"अप्पा, इथं खिडकीला विंदू म्हणत्यात."

"नाव हाय का कुणाचं?"

"न्हाई ओ. जुना शब्द हाय, बोलून बोलून झिजलेला. मूळचा अर्थ वाऱ्याचा डोळा. पयलं हितल्या घरालाबी काचा नव्हत्या. नुसतं भोक ठिवायचे, धूर जायला आन उजेड यायला."

अप्पा म्हणाले, "मंजी आपलं साणंच की! त्याचं ऊन पीठ मळायच्या काटवटीत आलं की माझी माय शेताकडं भाकरी घेऊन निघायची."

"मग आईच्या काटवटीत ऊन कुठून येणार?"

अप्पांनी गवंड्याला थांबवलं. माझ्याकडे न बघताच विचारलं, "कुठं पायजे गं डोळा?"

मी पदर सावरत बाहेर आले आणि अर्ध्या भिंतीवर पिठाचा हात ठेवला.

"आता सांगायलाव व्हय? चौकट कुठली आणू?" गवंडी कुरकुरला.

"जुन्या घराची हाय की. बसव तीच," अप्पा म्हणाले.

आता सकाळचं ऊन पिठावर येतं. देवापुढे हात जोडते तेव्हा लेकीसोबत त्या न पाहिलेल्या लोकांचंही भलं मागते, ज्यांना वाऱ्याला डोळा असावा असं वाटलं. येणारे-जाणारे आत बघतात, ते खरंच. सगळ्यात जास्त अप्पाच बघतात.

"च्या झाला का गं?" गल्लीतूनच विचारतात.

"व्हय अप्पा, या," मी खिडकीतून म्हणते.