दोर परमिटवर गेला तेव्हा

धंदा सुरू करताना कोणत्या चुका टाळाव्यात, हे सांगणारी माणसे मला आयुष्यभर भेटत आली आहेत. भांडवल पुरेसे असावे, जागा मोक्याची घ्यावी, उधारी देऊ नये. माझ्या काकांनी यांतली एकही चूक केली नाही. तरी त्यांचे दुकान चार आठवड्यांत आटोपले.

शेवगावच्या मामलेदार कचेरीत काका सत्तावीस वर्षे कारकून होते. लढाईच्या दिवसांत साखर, कापड, रॉकेल सारे परमिटवर गेले आणि ती परमिटे काकांच्या टेबलावरून जाऊ लागली. वरची जागा मात्र दुसऱ्याला मिळाली. काकांनी त्याच दिवशी राजीनामा लिहिला आणि घरी येऊन सांगितले, "आजपासून मी स्वतंत्र."

काकू भाकरी थापत होत्या. "पेन्शनला तीन वर्षं उरली होती," एवढेच म्हणाल्या. ती भाकरी करपली.

दुकान बैलांच्या दोरांचे, बाजारतळाजवळ. मी तेव्हा शाळामास्तर होतो. अक्षर बरे म्हणून पाटी मी रंगवली. काकांनी खाली एक ओळ वाढवायला लावली : वेळ अकरा ते पाच. शेतकरी दहालाच बाजार उरकून परत निघतात, असे मी म्हणालो. "पाटी वाचून थांबतील," काका म्हणाले. उद्घाटनाला एका निवृत्त गृहस्थांनी स्वदेशी उद्योगावर तासभर भाषण केले. त्यांच्याकडे बैल नव्हता.

तिसऱ्या आठवडी बाजाराला एक म्हातारा खरोखरच अकरापर्यंत थांबला.

"भाऊसाहेब, कासरा हाय का?"

काकांनी मान वर केली नाही. "कशासाठी?"

"बैलासाठी. मला काय येसन घालायचीय व्हय?"

"बैल कुणाच्या नावावर?"

"थोरल्या भावाच्या."

"मग त्यांना पाठवा. येताना खरेदीची पावती घेऊन या म्हणावं."

"खरीदी कसली? घरच्या गाईचा हाय त्यो."

"तसं लिहून आणा. पाटलांच्या सहीनं."

म्हाताऱ्याने पागोटे सावरले. "म्हंजी दोरबी परमिटवर गेला म्हना की!"

यावर 'नाही' म्हणणे काकांच्या हातात होते. ते म्हणाले, "उद्या या."

दुपारपर्यंत बातमीने परतीच्या वाटेवरच्या गाड्या गाठल्या आणि त्या माघारी वळल्या. समोरच्या दोरवाल्याच्या दुकानावर झुंबड उडाली. लोकांनी असलेल्या बैलांसाठी दोर घेतले, पुढे घ्यायच्या बैलांसाठी घेतले. एकाने तर गाभण गाईच्या भरवशावर घेतले. संध्याकाळी समोरचा दुकानदार पेढे घेऊन आला. "भाऊसाहेब, पुढचा हुकूम कधी काढताय? आधी कळवा, माल भरून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी कचेरीचा पट्टेवाला आला. साहेबांनी बोलावले होते. काकांनी कोट घातला, आणि दारातून मला 'तूही चल' म्हणाले. म्हणून मीही गेलो.

"तालुक्यात दोर परमिटवर गेला आणि मला पत्ता नाही?" मामलेदार गरजले. काकांनी म्हाताऱ्याची हकिगत सांगितली. मामलेदार इतके हसले की त्यांना पान थुंकावे लागले.

काकांनी धीर करून विचारले, "माझ्या राजीनाम्याचं काय झालं, साहेब?"

"कसला राजीनामा? तुमची तर रजा लागलीय."

शोधाशोध झाली. राजीनामा काकांनी ठेवला तिथेच, त्यांच्याच टेबलावर, गठ्ठ्याखाली पडून होता. त्या टेबलावरचे कागद पुढे पाठवणे हे काकांचे काम, आणि त्या खुर्चीवर कुणी बसले नव्हते.

"बसा आणि निकाली काढा," मामलेदार म्हणाले.

काका बसले. चष्मा लावून त्यांनी स्वतःचा राजीनामा परक्याचा असावा तसा दोनदा वाचला आणि समासात तांबड्या शाईने लिहिले : 'कारण समाधानकारक नाही. अर्जदारास परत.' मग शिक्का मारून तो खिशात घातला.

घरी काकूंनी कागद वाचला आणि थेट चुलीत सारला.

"अगं, जावक नंबर तरी टाकू द्यायचा होतास!" काका कळवळले.