भाईसाहबांची बदली

हेडफोन चढवायच्या आधी ताई पदर गळ्याभोवती ओढून घ्यायच्या, लखनौच्या मे महिन्यातसुद्धा. मग म्हणायच्या, "हं, आता बोलू दे त्यांना."

मूळच्या अमरावतीच्या, राहायला निशातगंजला. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक कॉलच्या बोर्डावर मी त्यांच्या शेजारी बसायचे. त्यांच्या गळ्याला गाठ होती, गलगंड. शेजारणी त्याला घेंघा म्हणत आणि इथल्या पाण्याला नावं ठेवत. ताई हसून सोडून देत. पण पुढे अंगात सुस्ती भरली, चेहरा सुजला आणि आवाज पार घोगरा झाला. चौकातल्या एका अत्तरवाल्याचा रोज कन्नौजला कॉल असे. तो एकदा बिनदिक्कत म्हणाला, "भाईसाहब, ज़रा कन्नौज लगा दीजिए."

आम्ही तोंडात पदर कोंबून हसलो. ताईही हसल्या, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडल्या.

रडतील नाही तर काय? तक्रारी येत होत्या. सुपरवायझरनी बजावलं होतं, आवाज सुधारला नाही तर रेकॉर्ड सेक्शनला बसा. उभं तारुण्य त्या बोर्डावर गेलेलं, तो सोडायचं ताईंच्या जिवावर आलं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. ऑपरेशन नको म्हणाले. शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उलटलंय, रोज उपाशीपोटी गोळी घ्या, आवाज यायला महिने लागतील. ताईंनी सुपरवायझरकडून दिवाळीपर्यंत मुदत मागून घेतली. सकाळच्या पाळीला येऊन गोळी घ्यायच्या. आम्ही चहा पुढे केला की म्हणायच्या, "चहा थांबेल गं बाई. गोळी नाही थांबायची."

पावसाळा सरता सरता सूज उतरली. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी त्यांनी कॉल घेतला, तर अत्तरवाला चपापला. मग अदबीनं विचारतो, "बहनजी, वो भाईसाहब छुट्टी पर हैं क्या?"

"जी नहीं," ताई म्हणाल्या, "उनका तबादला हो गया. कन्नौज लगाऊँ?"

अख्ख्या बोर्डावर हशा पिकला. सुपरवायझरही हसले, आणि रेकॉर्ड सेक्शनचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

पुढच्या वर्षी मात्र बाईंनी काय करावं? बरं वाटतंय म्हणून गोळीच बंद केली. थंडी सरेपर्यंत आवाज पुन्हा बसला. असा राग आला मला! चांगली भांडले. ही जन्माची सोबत आहे, असं डॉक्टरांनी समजावलं, तेव्हा कुठे त्यांना पटलं. गाठ लहान झाली, पण पुरती गेली नाही. पदर ओढणं मात्र सुटलं. मुलीच्या लग्नात गळ्यालगतची ठुशी घालून मिरवल्या, गाठीसकट. काय सुंदर दिसत होत्या!

निवृत्त होऊन त्या अमरावतीला परतल्या. शेजारच्या खुर्चीवर नवी मुलगी आली, पण मला कितीतरी दिवस करमेना. एका सकाळी अमरावतीहून कॉल आला. मी सवयीनं म्हटलं, "बोलिए."

पलीकडून खणखणीत आवाज आला, "भाईसाहब बोलतायत. गोळी झाली, आता चहा पितेय."