तीन बेटं आणि खोबऱ्याची वडी

जागतिकीकरण म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. मस्कतच्या कुरुम भागातल्या एका केटरिंग कंपनीत मी खरेदी बघते. कोंबडी ब्राझीलची, वाटाणे बेल्जियमचे, बटाट्याचे काप हॉलंडचे. सगळं जग माझ्या टेबलावरून शीतगृहात जातं आणि तिथून शहरातल्या ऑफिसांच्या ताटात. व्हॅनिला मादागास्करला पिकते, फ्रान्सला जाऊन बाटलीत बसते आणि मग माझ्याकडे येते. मादागास्कर आपल्याच समुद्रात आहे, पण या बाईला पॅरिस बघितल्याशिवाय करमत नाही.

हे सगळं मी एरवी कुणाला सांगत बसत नाही. पण गेल्या हिवाळ्यात माझ्या अकरावीतल्या मुलीच्या शाळेने हिंद महासागर दिवस काढला आणि त्यात वादविवाद ठेवला: छोट्या बेटांच्या देशांनी सगळ्या जगाला दारं उघडावीत, की आधी शेजारच्या बेटांची मोट बांधावी? चिठ्ठ्या टाकल्या आणि लेकीच्या वाट्याला शेजाऱ्यांची बाजू आली.

रोज रात्रीच्या जेवणात भाषण सुरू. तेही इंग्रजीत.

"मराठीत सांग, नाहीतर भांडी घास," मी म्हटलं.

तिने थोडा विचार केला. "बेटांनी ना... एकमेकांकडून वस्तू घ्यायला पाहिजेत. मोठे देश त्यांना... आई, एक्स्प्लॉइटला काय म्हणतात?"

"लुबाडणं. आणि कुठल्या वस्तू घेणार?"

"असतील ना काहीतरी. प्रत्येक बेट वेगळं असतं."

मी खरेदीतली बाई. "असतील ना काहीतरी" या वाक्यावर मी आजवर एकही ऑर्डर दिलेली नाही. पण मुलगी मराठीत बोलत होती, म्हणून गप्प बसले.

आम्ही राहतो त्या अल अमेरात भागात आमच्या समोरच्या दारात एक मॉरिशसची मुलगी राहते. मुलगी म्हणजे तिशीची असेल. तिच्या पणजोबांच्या बापाला इंग्रजांनी रत्नागिरीकडून ऊस तोडायला मॉरिशसला नेलं. घरी त्यांची क्रेओल बोली, मराठी ती शाळेत शिकली. त्यामुळे पहिल्यांदा लिफ्टमध्ये भेटली तेव्हा हात जोडून म्हणाली, "नमस्कार ताई. आपण कुशल आहात ना?" माझ्या मागे कुणी मंत्री उभा आहे का, ते मी वळून पाहिलं.

ती एका हॉटेलात बेकरी सांभाळायची. मग हॉटेलने परदेशातून गोठवलेले क्रोसाँ मागवायला सुरुवात केली. तयार येतात, नुसते भाजायचे. "आता त्यांना ओव्हनचं बटण दाबणारा हवा, मी नको," ती म्हणाली. महिनाअखेरीला तिचा व्हिसा संपत होता. तोवर नवा अर्बाब, म्हणजे ठेवून घेणारा मालक, मिळाला नाही तर बॅग भरून घरी.

लेक तिच्याकडे भाषणाचे मुद्दे मागायला गेली. "मावशी, ग्लोबलायझेशन चांगलं की वाईट?"

"बाळ, माझी आई कारखान्यात युरोपसाठी लोकरीचे स्वेटर विणत असे. आमच्या समुद्रकाठी स्वेटर घालायची वेळ येत नाही. पण त्या स्वेटरांवर आम्ही तिघी बहिणी शिकलो. नंतर कारखाना दुसऱ्या देशी गेला, तिकडे मजुरी स्वस्त. आता तू सांग."

"म्हणजे दोन्ही?"

"म्हणजे आई घरी बसली."

तिच्यासाठी मी एक दार ठोठावलं होतं. कुरुममध्ये एका ओमानी बाईंचा कॅफे आहे. सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणतात. जन्म झांझिबारचा, बोलणं अरबी, स्वाहिली आणि सिनेमे बघून शिकलेलं हिंदी. त्यांना वेलची आणि दूध पावडर आमच्याकडून जाते. त्यांना खाण्याच्या पदार्थांचा नवा काउंटर चालवायला माणूस हवा होता. मी मॉरिशसवालीचं कौतुक सुरू केलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "बोलने पे मैं आदमी नहीं रखती. खाने पे रखती हूँ. किधर खिलाएगी?"

"शनिवारी, मुलीच्या शाळेत. स्टॉल लावतोय आम्ही."

त्या क्षणापर्यंत आम्ही कुठलाही स्टॉल लावत नव्हतो. पण शाळेला स्टॉल हवेच होते. मॉरिशस तयार झाली. वरच्या मजल्यावरची श्रीलंकेची नर्स तयार झाली. तिच्या ओळखीची विमानतळावर काम करणारी सेशेल्सची बाईही आली. तीन बेटं एका टेबलावर! लेक तर हरखलीच. "आई, हेच माझं भाषण आहे! रीजनल इंटिग्रेशन!"

"आधी टेबलक्लॉथ कोण आणणार ते ठरव," मी म्हटलं.

व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला आणि नियम मीच घातले. फ्रीज मिळणार नाही, कारण विजेची वायर लाउडस्पीकरला जाणार. गळणारं, चिकटणारं नको. चमचा लागेल असं नको. अंडं नको, इथली अर्धी मुलं खात नाहीत. आदल्या दिवशी करून टिकलं पाहिजे. या नियमांत बसेल अशी आपापल्या बेटाची गोड खासियत प्रत्येकीने आणावी. काय आणणार ते मात्र कुणी लिहिलं नाही. तिघींचं म्हणणं, आधी सांगितलं तर गंमत काय! तिघींनी होकाराचे अंगठे पाठवले. असा नीटनेटका करार मी कित्येक दिवसांत केला नव्हता.

खरेदीतल्या माणसाला एक खोड असते. एक पुरवठादार ठरला तरी दुसरा हाताशी ठेवायचा. ऐनवेळी एखादं बेट आलंच नाही तर? म्हणून गुरुवारी संध्याकाळी मी अल अमेरातच्या सुपरमार्केटमध्ये खोबऱ्याचा कीस घ्यायला गेले. फळी रिकामी. एकच पाकीट उरलेलं, तेही कोपरा फाटलेलं.

"सगळं खोबरं गेलं कुठे?" मी तिथल्या मल्याळी भाईंना विचारलं.

"क्या मालूम मॅडम. दो दिन से लेडीज लोग आके लेके जाता है. कोई शादी है क्या?"

मी मनात म्हटलं, जहाज उशिरा आलं असेल. इतकी वर्षं खरेदी केल्यावर माणसाला प्रत्येक रिकाम्या फळीमागे जहाजच दिसतं.

शनिवारी चारच्या सुमारास आम्ही शाळेच्या मैदानावर टेबल मांडलं. मॉरिशसवालीने डब्याचं झाकण उघडलं. आत गुलाबी रंगाच्या खोबऱ्याच्या वड्या. श्रीलंकेने ट्रेवरचा कागद काढला. हिरव्या खोबऱ्याच्या वड्या. मॉरिशसवाली हसायची थांबली. मग सेशेल्सने डबा उघडला. साखर तांबूस जाळून, जायफळ घालून केलेल्या खोबऱ्याच्या वड्या.

मग तिघी माझ्या पिशवीकडे बघू लागल्या.

"ताई," मॉरिशसवाली हळूच म्हणाली, "आपण काय आणलंत?"

मी डबा बाहेर काढला. केशर-वेलची घातलेल्या, कोकणातल्या. खोबऱ्याच्या.

श्रीलंकेची नर्स खुर्चीत बसूनच हसायला लागली आणि इंग्रजीत म्हणाली, "तुमचे नियम असे होते की दुसरं काही येऊच शकत नव्हतं! मी आमचं दुधातलं करणार होते, तर फ्रीज नाही!"

"आणि मी अंड्याचा केक!" सेशेल्स म्हणाली.

"खोबरं कुठून आणलंत?" मी विचारलं.

तिघींनी एकाच सुपरमार्केटचं नाव घेतलं. एकच कंपनी, एकच पाकीट, आलेलं इंडोनेशियाहून. म्हणजे तीन बेटं आणि एक कोकण मिळून चौथ्याच बेटाचा माल विकायला बसले होते.

हसत नव्हती ती एकटी मॉरिशसवाली. "खाला येतील," ती म्हणाली, "आणि विचारतील, तुझी कुठली? मी कसं सांगू, गुलाबी माझी? रंगावर कुणी काम देत नाही." व्हिसाचे उरलेले दिवस ती बोटांवर मोजत असावी, कारण तिची बोटं हलत होती.

रडत बसायला वेळ नव्हता. मी सुरी घेतली, माझ्या थोड्या वड्या डब्यात राखून बाकी सगळ्या वड्यांचे लहान तुकडे केले आणि कागदी बश्यांत चारी रंगांचा एकेक तुकडा मांडला. पुठ्ठ्यावर लिहिलं: ओळखा, कुठली वडी कुठल्या बेटाची? लोक जमू लागले. बाप मंडळींनी तर भांडणच काढलं. एक रत्नागिरीचे गृहस्थ सेशेल्सची वडी खाऊन ठासून म्हणाले, "ही आमच्या आळीतली. पैज लावतो." त्यांना कोण सांगणार!

तेवढ्यात स्टेजवर लेकीचं भाषण सुरू झालं. लाउडस्पीकर आमच्याच डोक्यावर. ती इंग्रजीतून सांगत होती की प्रत्येक बेटाची स्वतंत्र, वैविध्यपूर्ण संपत्ती आहे आणि ती त्यांनी आपसात वाटून घेतली पाहिजे. चार रंगांचं खोबरं समोर मांडून आम्ही ऐकत होतो. सेशेल्सने तोंडाला रुमाल लावला.

प्रतिपक्षाची मुलगी उठली. चष्मेवाली, चलाख. तिने मैदानाकडे बोट केलं. "माझ्या मैत्रिणीने तिच्याच आईचा स्टॉल बघावा. तीन देश, एकच मिठाई. इंग्रज, फ्रेंच, डच ज्या बेटावर उतरले तिथे त्यांनी तेच लावलं: ऊस, नारळ, मसाले. आता ही बेटं एकमेकांना काय विकणार? नारळ देऊन नारळ घेणार?"

मैदान हसलं. परीक्षकही हसले. लेक लाल झाली. मग माईक ओढून म्हणाली, "एकमेकांना नाही विकायचं. एकत्र बसून विकायचं. बघा, तिथे रांग लागली आहे."

रांग खरंच लागली होती. पण निकाल गेला तो चष्मेवालीकडेच. माझ्या मते बरोबर गेला, आणि घरी जाऊन मी तसं सांगितलंही. उत्तर चांगलं होतं, पण ते वडीने सुचवलं होतं, अभ्यासाने नाही.

सूर्य डोंगरामागे गेला आणि खाला आल्या. काळा अबाया, हातात किल्ल्यांचा जुडगा, चेहऱ्यावर घाई. त्यांनी एक बशी उचलली आणि चारही तुकडे एकामागून एक खाल्ले. मॉरिशसवाली ताठ उभी होती, शाळेत तपासणीला साहेब आल्यासारखी.

"ये क्या है? सब नारियल?"

"जी, खाला."

"झांझिबार में मेरी माँ बनाती थी. पहले नारियल भूनती थी. तुम लोग भूनते ही नहीं." त्यांनी आम्हा चौघींकडे एकाच तुच्छतेने पाहिलं. चार देशांना एकाच वेळी नापास करताना मी प्रथमच कुणाला पाहिलं. "ये तो मैं घर में बना लूँगी. इसके लिए तुमको क्यों रखूँ?"

मॉरिशसवाली आपल्या डब्याचं झाकण लावू लागली. मी तोंड उघडणार, तोच खालांनी टेबलाखाली बोट दाखवलं. तिथे तिच्या पिशवीतून कागदाची गुंडाळी डोकावत होती. "वो क्या है?"

"ते... वो मेरा खाना है, खाला. दुकान का नहीं."

"दिखाओ."

कागदात डाळपुरीची जोडी होती. हरभऱ्याची डाळ शिजवून, जिरं-हळद घालून कोरडी वाटायची, मैद्याच्या लाटीत भरायची आणि इतकी पातळ लाटायची की पलीकडचं दिसावं. आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण. मॉरिशसमध्ये ती रस्त्यावर मिळते, नेहमी जोडीने, आत टोमॅटोचा रस्सा आणि हिरव्या मिरचीची चटणी. गळणारी, चिकटणारी, अजिबात गोड नसलेली. माझ्या सगळ्या नियमांबाहेरची.

खालांनी उभ्याउभ्याच एक घास घेतला. मग खुर्ची ओढली. रस्सा मनगटावर ओघळला, तो पुसला आणि दुसरी पुरी घेतली. आम्ही चौघी बघत राहिलो. जेवणाऱ्या माणसाकडे टक लावून बघू नये, हे आम्हाला घरी शिकवलं होतं, पण त्या दिवशी कुणालाच आठवलं नाही.

"सुबह की बनी है?"

"जी. सुबह की."

"और अभी तक नरम." त्यांनी कागद चुरगळला. "सोमवार को आना. पासपोर्ट लाना. ये बनाओगी, रोज. और नारियल मेरे तरीके से, भूनके. खलास."

त्या गेल्यावर मॉरिशसवाली क्रेओलमध्ये काहीतरी भराभर बोलली. ते फक्त सेशेल्सला कळलं, त्यांची बोलीही जवळचीच. दोघी एकमेकींना मिठी मारून नाचायला लागल्या. लेक येऊन त्यात सामील झाली, हरल्याचं विसरून.

मी टेबल आवरायला घेतलं. सोमवारी डाळ लागणार. आमच्याकडे येते ती ऑस्ट्रेलियाची, आणि हरभऱ्याच्या डाळीला दुसरा पुरवठादार माझ्याकडे नव्हता. मी आकडेमोड करत असताना मॉरिशसवाली धापा टाकत आली आणि रिकाम्या पिशवीत हात घालून थबकली.

"ताई, माझं जेवण खालांनी खाल्लं. मी सकाळपासून उपाशी आहे."

मी माझा डबा पुढे केला. राखीव साठा, कुठल्याच बशीत न मांडलेला. तिने एक वडी खाल्ली, दुसरी अर्धी खाल्ली आणि नोकरी मिळालेल्या माणसाच्या स्पष्टपणाने म्हणाली, "क्षमा करा ताई, पण साखर किंचित अधिक झाली आहे."